गाडी बोटीने येते, पुस्तक येत नाही

मांडव्याचं नाव काढलं की समोरचा माणूस हमखास आवाज जड करून ‘विजय दीनानाथ चव्हाण’ म्हणतो. ‘अग्निपथ’ १९९० साली आला, २०१२ साली नव्याने पुन्हा आला, आणि लोकांची हौस काही फिटलेली नाही. मला मात्र त्या सिनेमातला बाप जास्त आठवतो. गावात वीज यावी म्हणून धडपडणारा शाळामास्तर.

तर मास्तर, वीज केव्हाच आली. जेट्टी झाली. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि लोक आपापल्या चारचाकीसकट तासाभरात मांडव्याला उतरायला लागले. शनिवारी सकाळी जेट्टीवर उभं राहून नुसतं बघावं. गाड्या, सायकली, लाडकी कुत्री, वीकेंडच्या पार्टीचं सामान, कुणाच्या बंगल्यासाठी घेतलेलं झुंबरसुद्धा! मुंबईतलं जे जे म्हणाल ते मांडव्याला येतं.

फक्त मुंबईतल्या ग्रंथालयाचं पुस्तक येत नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या शेजारची एक मुलगी. नाव देत नाही, तिला आवडणार नाही. वडिलांची छोटी होडी आहे, आई बाजारात बसते. घराण्यातली एम.ए. करणारी ही पहिलीच, आणि तेही इतिहासात. गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी ओली छत्री दाराशी ठेवून आत आली आणि म्हणाली, “काका, तुमच्याकडे ‘माझा प्रवास’ आहे का? गोडसे भटजींचं?”

होतं ना! मी मोठ्या रुबाबात कपाटातून काढून दिलं. तिने पहिली दोन पानं उलटली आणि हळूच परत केलं. “हे नको काका. हे आपल्या वाचनालयातही आहे. मला १९६६चं पाहिजे.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विष्णुभट गोडसे आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा चांगली मिळेल, या आशेने निघाले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशी इंग्रजांच्या हाती पडली तेव्हा हा माणूस झाशीत होता. हाल सोसून परत आले आणि पुढे म्हातारपणी सगळं लिहून काढलं. ते हस्तलिखित चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलं, पण छापताना भाषेवर हात फिरवला, मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून गोडसे भटजींचं लिहिणं लोकांसमोर आलं ते १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या आवृत्तीत.

आमच्या या मुलीला नेमकं हेच तपासायचं होतं. वैद्यांनी काय काढलं, काय बदललं, आणि का? वरसईच्या भटजींचं बोलणं पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत जाताना वाटेत त्याचं काय झालं? मला तर विषय ऐकूनच आनंद झाला. रायगडच्या मुलीने रायगडच्या माणसाच्या पुस्तकावर काम करायचं, याहून चांगलं काय?

१९०७ ची आवृत्ती तिला नेटवर स्कॅन केलेली मिळाली होती. अडलं होतं ते १९६६ च्या प्रतीपाशी.

तर झालं काय, आम्ही दोघं शोधाला लागलो. जवळच्या वाचनालयात नाही. चार ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी कपाटं रंगवायला काढलेली, पुस्तकं गठ्ठ्यांत बांधून ठेवलेली. दुसरीकडे “बघून सांगते” म्हणाल्या आणि बिचाऱ्यांनी खरंच बघून सांगितलं, नाही म्हणून. शेवटी मुंबईतल्या एका ग्रंथालयात प्रत असल्याचं कळलं. सभासद नसाल तर तिथेच बसून वाचा. घरी नेता येणार नाही, झेरॉक्स नाही, फोटो नाही. दुसऱ्या ग्रंथालयामार्फत मागवता येईल का, असं मी विचारलं. पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तसं पूर्वी कधीतरी करायचे म्हणे.”

मुलगी दोन दिवस गेली. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, म्हणून रो-रोने. ग्रंथालय उघडायच्या वेळी हजर, शेवटची बोट चुकू नये म्हणून चारलाच उठायचं. दोन दिवसांत पेन्सिलीने वहीची एकोणीस पानं उतरवून आणली. एवढ्या मोठ्या पुस्तकातली एकोणीस पानं! तिसऱ्या दिवशी आईबरोबर बाजारात बसायचं होतं, चौथ्या दिवशी कॉलेज, आणि भाड्याचे पैसे तर सारखे सारखे कुठून आणणार?

महिन्याभराने तिने विषय बदलला. आता ती अशा एका विषयावर लिहिते आहे ज्याची पुस्तकं कॉलेजात आहेत. “तसा बराय काका, मार्क मिळतील,” असं म्हणाली. रडली वगैरे काही नाही. मलाच फार वाईट वाटलं.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. माझी भाची अमेरिकेत एका लहान गावात असते. गाव म्हणजे खरंच गाव, एक चौक, एक पेट्रोल पंप आणि एक पब्लिक लायब्ररी. तिला आजीच्या तोंडून ऐकलेलं एक जुनं मराठी पुस्तक वाचावंसं वाटलं. तिने गंमत म्हणून लायब्ररीत चिठ्ठी भरून दिली. पंधरा दिवसांत पुस्तक हजर! कुठल्याशा विद्यापीठातून आलेलं, वर कागदी पट्टी गुंडाळलेली, त्यावर तिचं नाव आणि परतीची तारीख.

मला आधी हा चमत्कार वाटला, पण तो तसा नाही. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतातल्या भाषांमधली पुस्तकं इथेच खरेदी करून तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. गव्हाच्या बदल्यात जमा झालेल्या रुपयांतून ही खरेदी व्हायची. त्यामुळे आपल्याकडे छापलेली कितीतरी मराठी पुस्तकं तिकडच्या कपाटांत सुखरूप आहेत. आणि ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं द्यावीत, ही सूचना सॅम्युअल ग्रीन नावाच्या ग्रंथपालाने तिथे १८७६ सालीच मांडली होती. दीडशे वर्षांची सवय आहे ती. डेन्मार्कने तर २००० साली देशातल्या ग्रंथालयांची यादी एकत्र करून लोकांसाठी खुली केली. घरबसल्या पुस्तक शोधायचं, मागणी नोंदवायची आणि आपल्या गल्लीतल्या ग्रंथालयातून उचलायचं.

म्हणजे बघा, आमच्या भाचीने गोडसे भटजी मागितले असते तर तिच्या खेड्यात ते बहुधा पोचले असते. वरसईच्या जिल्ह्यात पोचले नाहीत.

“तिकडची गोष्ट वेगळी हो, पैसा आहे त्यांच्याकडे!” हे उत्तर मला घरबसल्या ऐकू येतंय. (आमचे थोरले बंधू, तुम्हीच!) म्हणून आपल्याकडचंच बोलू.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची आणि गावाला पाठवायची. ती वाचून झाली की पेटी परत, दुसरी पेटी रवाना. नेण्याआणण्याचा खर्च संस्थानाचा. कॉम्प्युटर नाही, फोन नाही, आणि तरी पुस्तकं फिरत होती.

फार मागे जायलाही नको. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ साली सुरू झाली. विनायक रानड्यांनी ती चिकाटीने वाढवली. तीही पेट्यांचीच. वाचकांचा एक गट, त्यांच्याकडे एक पेटी, ठरावीक महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या महाराष्ट्राबाहेर, अगदी दुबईपर्यंत गेल्या. मराठी माणूस पुस्तक नेऊन परत करत नाही असं जे आपण चेष्टेने म्हणतो, ते इतकंही खरं नसावं.

पण पेटी आणि आंतरग्रंथालयीन देवघेव यांत एक फरक आहे. पेटीत काय असेल ते पाठवणारा ठरवतो. देवघेवीत मागणारा ठरवतो. ज्याला रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी चांगलं वाचायचंय त्याचं पेटीवर भागतं. ज्या मुलीला १९६६ चीच आवृत्ती हवी आहे, तिचं भागत नाही. डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत सांगितले, त्यातल्या दोघांचा मथितार्थ हाच की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटला पाहिजे. गावातल्या वाचनालयात पाच हजार पुस्तकं असली तरी ही भेट एका छपराखाली नेहमी होणं शक्यच नाही. म्हणून देवघेव हवी.

मग ती होत का नाही? मी आपला हा प्रश्न घेऊन आमच्या भागातल्या एका ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. वीस-बावीस वर्षं काम करताहेत. मला वाटलं होतं त्या म्हणतील कॉम्प्युटर नाही, नेट नाही. त्यांनी चहा मागवला आणि समोरची जाडजूड दाखल नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

“हे बघा. यातलं प्रत्येक पुस्तक माझ्या नावावर आहे असं समजा. उद्या मी एखादं दुसऱ्या गावी पाठवलं आणि ते हरवलं, तर तपासणीला आलेल्या साहेबांना काय सांगू? बोटीत राहिलं? आणि भरून कुणी द्यायचं? माझा पगार किती आहे ते विचारू नका.”

मी विचारलं नाही. विचारण्यासारखा नसतोच तो.

“आणि पाठवून मला काय मिळणार?” त्या पुढे म्हणाल्या. “पुस्तक गेलं तर बोलणी मी खाणार. पोचलं तर शाबासकी कुणी देणार नाही. मग कपाटात असलेलंच बरं.”

या दोन वाक्यांनी माझे डोळे उघडले. तोवर मी मनात भलीमोठी योजना रचत होतो. ॲप, बारकोड, क्यूआर कोड, काय न् काय! ते सगळं नंतरचं. आधुनिकीकरण म्हटलं की आपण आधी यंत्रं विकत घेतो. कॉम्प्युटर येतो, त्यावर प्लास्टिकचं आवरण चढतं, उद्घाटनाचा फोटो पेपरात छापून येतो आणि पुस्तक आहे तिथेच राहतं.

माझं मत आता सरळ आहे. देवघेव अडली आहे ती हरवण्याच्या भीतीपायी. ही भीती एकट्या ग्रंथपालाच्या डोक्यावरून उतरवली, तर बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे. ती उतरवली नाही, तर जगातलं सर्वांत भारी सॉफ्टवेअर आणलं तरी एकही पुस्तक कपाटाबाहेर पडणार नाही.

भीती उगाच नाही. आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा. राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयं अनुदानावर चालतात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती यावर. २०१२ साली महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. बोगस वाचनालयं उघडी पडली, ते योग्यच झालं. पण प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्याही मनात कायमचं बसलं की साहेब आले की पुस्तक जागेवर दिसलं पाहिजे. वाचकाच्या हातात असलेलं पुस्तक जागेवर दिसत नाही, ही त्यातली गोम!

शिवाय पैसा. दहा वर्षं अनुदान वाढलं नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली, पण मुळातली रक्कमच लहान. कर्नाटक, तमिळनाडूत ग्रंथालयासाठी वेगळा उपकर आहे, आपल्या कायद्यात ती तरतूद नाही. त्यामुळे वाचनालयाने स्वतःच्या खिशातून पार्सलं पाठवावीत, ही अपेक्षाच चुकीची.

मग काय करावं? माझ्यासारख्या रिकामटेकड्या माणसाला जे सुचलं ते मांडतो. एकदम राज्यभर काही करू नका. फक्त अलिबाग तालुका घ्या आणि एक वर्ष करून बघा.

पहिली गोष्ट म्हणजे हमी. जिल्ह्याच्या पातळीवर एक छोटा निधी असावा. देवघेवीत पुस्तक हरवलं किंवा भिजलं तर मालक ग्रंथालयाला त्यातून आठ दिवसांत भरपाई, आणि नोंदवहीत ‘देवघेवीत गहाळ’ अशी अधिकृत नोंद, ज्यावरून ग्रंथपालाला कुणी जाब विचारणार नाही. दुर्मिळ, पुन्हा न मिळणारं पुस्तक असेल तर ते वाचक घरी नेणार नाही, मागवणाऱ्या वाचनालयात बसूनच वाचेल. गोडसे भटजींची प्रत आमच्या इथल्या टेबलावर महिनाभर राहिली असती तरी त्या मुलीचं काम झालं असतं! आणि जे ग्रंथालय दुसऱ्याला पुस्तकं देईल, त्याला वर्ग ठरवताना गुण मिळावेत. शाबासकीचा एक रकाना छापायला काही खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट यादी. इथे मात्र कॉम्प्युटर हवाच. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ आहे, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने २००० साली लोकांना मोकळं करून दिलेलं ‘कोहा’ आहे. (कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. छान ना?) खरी अडचण वेगळीच आहे. अनेक ठिकाणी वीस वर्षांपूर्वी याद्या टाइप झाल्या त्या जुन्या फॉन्टमध्ये. आज त्या उघडल्या तर पडद्यावर नुसती रांगोळी दिसते. त्या युनिकोडमध्ये आणायला हव्यात. दुसरं म्हणजे नावं. आमचे भटजी एका यादीत ‘गोडसे विष्णुभट’, दुसरीत ‘वरसईकर’, तिसरीत वैद्यांच्या नावाखाली. आणि आवृत्तीचं साल तर कुठेच नाही. आमचं सगळं घोडं त्या सालापाशीच अडलं होतं! म्हणून सुरुवातीला फार काही नको. लेखक, पुस्तक, आवृत्तीचं साल, ग्रंथालय. चारच रकाने, पण नीट भरलेले. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली ती कॉम्प्युटरशिवाय. पुढे १९५० पर्यंतची पुस्तकंही त्यांनी नोंदवली. आपल्याला एका तालुक्याची यादी करायची आहे.

तिसरी गोष्ट वाट. अलिबागला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवा, समजा मंगळवार. त्या दिवशी एक कापडी पिशवी अलिबागहून निघेल. थळ, किहीम, चोंढी, आवास, सासवणे, मांडवा, सारळ करत वाटेवरच्या वाचनालयांत पुस्तकं देईल-घेईल आणि परत येईल. एसटी आहे, आणि दर मंगळवारी अलिबागला जाणारा एखादा मास्तर किंवा बँकेतला कारकून प्रत्येक गावात आहे. महिन्यातून एकदा एक पिशवी मांडव्याहून बोटीने मुंबईला. गेटवेला उतरलं की एशियाटिकच्या पायऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार शहरांत ठेवायची असते, त्यातलं एक मुंबई. समुद्र ओलांडला की एवढा मोठा साठा, आणि आपण तो आठवड्याच्या सुटीला आलेल्या लोकांच्या गाड्या मोजत लांबून बघायचा!

दूरच्या ग्रंथालयांसाठी पोस्ट आहेच. बुकपोस्टचा जुना सवलतीचा दर डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला तेव्हा वाचणाऱ्या-छापणाऱ्या मंडळींनी बरीच ओरड केली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. सवलत मुख्यतः शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. ग्रंथालयाच्या शिक्क्यानिशी जाणारं कोणतंही पुस्तक, मग ती कादंबरी का असेना, या दरात बसतं, असं पोस्टाने एकदा लेखी जाहीर केलं तर केवढं काम होईल. वाचकाकडून तेवढेच पैसे घ्यावेत. बोटीच्या तिकिटापुढे ते काहीच नाहीत.

दिल्लीत ‘डेलनेट’ १९८८ पासून हेच काम करतं, आणि चांगलं करतं. पण त्याचे सभासद बहुतेक कॉलेजं, विद्यापीठं, संशोधन संस्था. तिथली वार्षिक वर्गणी आमच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला झेपणारी नाही. गावच्या वाचनालयांसाठी वेगळी, स्वस्त सोय लागेल.

आता एक आक्षेप, जो प्रत्येक तरुण माणूस घेतो. “काका, सगळं नेटवर असतं हल्ली.” नसतं बाबांनो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०२९ संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. त्यानंतर गेलेल्या सगळ्यांचं त्याहून पुढे. विसाव्या शतकातलं कितीतरी मराठी लेखन ना दुकानात मिळत, ना कायद्याने नेटवर टाकता येत. ते फक्त कुठल्यातरी वाचनालयाच्या कपाटात आहे. त्या कपाटातून ते तुमच्यापर्यंत यायला एकच रस्ता, कुणीतरी ते तुम्हाला उसनं देणं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. “एका मुलीसाठी एवढा खटाटोप?” तालुक्यात असे मागणारे वर्षाला पन्नास निघतील, शंभर निघतील, फार नाही. पण ही मागणी मोजायची कशी? जी गोष्ट मिळणारच नाही ती लोक मागत नाहीत. ते विषय बदलतात. विषय बदललेल्या मुलीची नोंद कुठल्या रजिस्टरात होते?

इथपर्यंत सगळं दुसऱ्यांना शहाणपण शिकवून झालं. आता एक कबुली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा सहज कपाट आवरत होतो. खालच्या खणात, वर्तमानपत्राच्या वेष्टनात एक पुस्तक सापडलं. आत मुंबईतल्या एका वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का, मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, शेवटची तारीख १२ ऑगस्ट १९८७. मी नोकरीला होतो तेव्हा, गिरगावात खोली घेऊन राहायचो. बदली झाली, सामान बांधलं, पुस्तक सामानात गेलं. नंतर एकदोनदा आठवलं, मग लाज वाटायला लागली, आणि मग विसरलो. सरळ सांगायचं तर चोरलं.

अनामत दहा की वीस रुपये होती, ती त्यांच्याकडे राहिली. पण पुस्तक राहिलं नाही. माझ्यानंतर ते मागायला कोण आलं असेल, आणि “बाहेर गेलंय, आलं नाही” ऐकून परत गेलं असेल? त्या वाचनालयाने पुढे नियम कडक केले असतील तर माझ्यासारख्यांमुळेच केले. ग्रंथपाल मॅडमनी ज्या भीतीने नोंदवही माझ्यापुढे सरकवली, ती भीती मीच तर तयार केली आहे. माझ्यासारख्या पांढरपेशा, पुस्तकांवर फार प्रेम असणाऱ्या लोकांनी! कोळ्याच्या मुलीने नव्हे. ती तर पेन्सिलीने उतरवून घेत होती.

त्या वाचनालयात फोन केला. ज्या बाईंनी उचलला त्या माझ्या पुस्तकाच्या तारखेनंतर जन्मल्या असाव्यात. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. “दाखल क्रमांक सांगा,” म्हणाल्या. मी सांगितला. “घेऊन या,” म्हणाल्या. दंडाचं विचारलं तर म्हणाल्या की कमिटीला विचारावं लागेल.

येत्या मंगळवारी बोटीने जातोय. तुमच्यापैकी कुणाच्या खालच्या खणात असं काही असेल (असणार! निदान आमच्या घराण्यात तरी नक्की असणार) तर तुम्हीही काढा. टपालाने पाठवा, जाता-येता टाका. नुसतं ‘सॉरी’ लिहून ठेवलंत तरी चालेल.

आणि अलिबाग तालुक्यात तो हमी निधी खरंच सुरू करायचा झाला, तर पहिले पाच हजार माझे. मॅडमना तसं सांगून आलोय. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. “लेखी द्या,” म्हणाल्या. बरोबरच आहे, माझ्यासारख्याच्या तोंडी शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

मुलीला ती एकोणीस पानांची वही टाकू नकोस म्हणून सांगितलंय. “ठेवलीय काका,” म्हणाली. “एम.ए. झालं की बघू.”